आतलं घड्याळ

घरात लॅपटॉप एक आणि त्यावर हक्क सांगणारे चार. आजोबांनी एकदा अडगळ समजून मुलाच्या ऑफिसच्या फायली झाडून काढल्या, तेव्हा नातीने त्यांना पेनड्राइव्हवर एक व्हर्च्युअल मशीन करून दिलं. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात दुसरा लॅपटॉप. पेनड्राइव्ह लावला की तो पडदाभर उघडायचा, काढला की आजोबांचा सगळा संसार खिशात.

“काय घोळ घालायचा तो आत घाला,” नात म्हणाली होती. “बाहेर काही सांडणार नाही.”

आजोबा निवृत्त मास्तर. त्या आतल्या लॅपटॉपवर ते मुलांसाठी गणिताची कोडी लिहीत. काल संध्याकाळी नातीने त्यांना नवी युक्ती शिकवली: मशीन बंद न करता नुसतं गोठवायचं. पुन्हा उघडलं की सगळं जिथल्या तिथे, अर्ध्या शब्दासकट. तास संपला तरी फळा पुसायला नको, हे मास्तरांना फार भावलं.

सकाळी त्यांनी मशीन उघडलं. अर्धा शब्द इमानाने वाट बघत होता. पडद्याच्या कोपऱ्यात वाजले होते सात पंचावन्न, आणि भिंतीवर आठ चाळीस.

रोज सकाळी घरातली घड्याळं लावायची हा आजोबांचा चाळीस वर्षांचा नेम. पूर्वी रेडिओवरून, आता लॅपटॉपवरून. भिंतीवरचं घड्याळ पुढे धावतंय म्हणून त्यांनी ते मागे घेतलं. मग मनगटावरचं. स्वयंपाकघरातलंही सुटलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून रोजचा प्रश्न आला. “सर, किती वाजले?” दातांचे डॉक्टर चौथीत आजोबांच्या हाताखाली होते आणि अजूनही त्यांच्याशिवाय कोणाच्या घड्याळावर विश्वास ठेवत नसत.

“आठ.”

डॉक्टरांनी निमूटपणे आपलं घड्याळ मागे केलं आणि पुन्हा पेपर उघडला.

सूनबाईची त्या दिवशी दहाला मुलाखत होती, त्याच लॅपटॉपवर. वाचनालयातली नोकरी. दहा वर्षं घर सांभाळल्यावर आलेली पहिली संधी. मध्येच वाजायला नको म्हणून तिने मोबाईल बंद करून कपाटात ठेवला होता. नात कॉलेजात, नवरा ऑफिसात; भिंतीशी वाद घालायला कोणी नव्हतं. भरपूर वेळ आहे म्हटल्यावर आजोबांनी तिची सराव परीक्षा घेतली, तिला नापास केलं आणि फेरपरीक्षाही घेतली.

“तुमचा सर्वांत मोठा गुण कोणता?”

“मी... माणसांत मिसळते.”

“वक्तशीरपणा म्हण. घरातच शिकलीयस.”

दहाला पाच कमी असताना ती लॅपटॉपपुढे बसली. आजोबांची खिडकी तिने लहान केली, आणि खिडकीमागून खऱ्या लॅपटॉपचं घड्याळ वर आलं. दहा चाळीस.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “इथे दोन घड्याळं आहेत.”

आजोबांनी चष्मा पुसून पाहिलं. आतलं घड्याळ काल संध्याकाळी सात पंचावन्नला गोठलं होतं आणि आज सकाळी तिथूनच पुढे चालू लागलं होतं. अर्ध्या शब्दासारखंच इमानाने.

“चूक माझी आहे. मीच सांगतो त्यांना,” ते म्हणाले. पण सूनबाईने मुलाखतीचं बटण दाबलंही होतं. पडदा रिकामा होता. तिचे डोळे भरून आले. आजोबा दारामागे जाऊन उभे राहिले. शिक्षा झालेलं पोर उभं राहतं तसे.

पाच मिनिटांनी पडद्यावर एक बाई उगवल्या. गालात कापसाचा बोळा.

“माफ करा हं, पाऊण तास ताटकळत ठेवलं तुम्हाला,” त्या कष्टाने म्हणाल्या. “नऊला दात काढून घ्यायचा होता. डॉक्टरच उशिरा आले. वर म्हणतात, त्यांच्या सरांनी वेळ सांगितली होती. असले कसले सर?”

सूनबाईने दाराकडे पाहिलं नाही. “असतात काही,” ती म्हणाली.

“बरं, तुमचा सर्वांत मोठा गुण सांगा.”

“दुसऱ्याला उशीर झाला तर मी समजून घेते.”

बाई हसल्या आणि लगेच गाल धरला. सोमवारपासून या, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून प्रश्न आला. “सर, किती वाजले?”

आजोबांनी मनगटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मान आत वळवली.

“थांब रे, सूनबाईला विचारून सांगतो.”