सोनाजीचं किलोभर तूप

यंदा आपल्या संघात चक्कर येऊन कुणी पडणार नाय म्हंजे नाय! कबड्डीचा मास्तर हाय मी, चेष्टा हाय का! मागच्या साली भर उन्हात एक पोरगं मैदानातच आडवं झालं, तवा मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब गरजले, "पुन्हा कुणी पडलं तर मास्तर, तुम्ही घरी!"

म्हणून मी लासूर स्टेशनच्या आडतीवरून धान्याचा काटा आणला. सरावाआधी पोरं तोलायची, सरावानंतर पुन्हा तोलायची. वजन घटलं म्हंजे अंगातलं पाणी गेलं, तेवढं पाजायचं. शास्त्र हाय! पोरं बुजू नयेत म्हणून आधी मीच काट्यावर चढायचो.

पहिल्याच दिवशी ओरडलो, "सोनाजी, किलोभर घटला!"

झालं! सोनाजीची माय सारजाबाई कुंपणापाशी उभी होती. आली तरातरा आत!

"मास्तर, वरीसभर तूप चारलं म्या! अन् तुम्ही एका सकाळीत किलोभर घालवलं?"

"मावशी, ते पाणी हाय! घामाचं!"

"पाणी म्हनं! माझं तूप हाय ते!"

दुसऱ्या दिवशी साऱ्या पोरांच्या माया डबे घेऊन हजर. मी पाठ फिरवली की पोरांच्या तोंडात डिंकाचे लाडू! सराव संपल्यावर तोललं, तर सगळ्यांचं वजन वाढलेलं!

"घाम गाळून वजन वाढतं व्हय रे?"

सोनाजीचं तोंड भरलेलं. बोलतो कशाचा!

माझं टाळकंच सरकलं. पोरांना तांब्या-तांब्या पाणी पाजलं, सगळ्या मायांशी भांडलो, काट्याला लाथ घातली. काट्याला काय व्हतंय, अंगठा माझाच सुजला! घसा कोरडा ठाक, वर ऊन, पण हटेल तो मास्तर कसला! तेवढ्यात तात्यासाहेब आले.

"बघा साहेब! पडलं का एक तरी?" मी छाती काढून म्हणलो, अन् मैदानच गरगर फिरलं.

डोळे उघडले तर पोरांनी मला काट्यावर बसवलेलं!

"अगं बया, मास्तर लईच घटले!" सारजाबाई किंचाळली.

"पाणी..." मी म्हणलो. तिनं लाडू कोंबला.

"पा... णी..."

"तुपावर पाणी पीत नसतेत मास्तर, घसा धरतो!"

तात्यासाहेब वाकले. "कुणी पडलं तर घरी, म्हणलो होतो. ध्यानात हाय ना?"

मी नुसती मान हलवली. तोंडात लाडू होता. अन् खोटं कशाला बोलू, लाडू लई झकास होता.