खोपट्याचं कायदेशीर स्वरूप

कायद्याचं राज्य टिकवायचं तर प्रत्येक कामात कायद्याला विचारलं पाहिजे, आणि काम उरकल्यावर विचारलं तर ते जास्त निवांतपणे विचारता येतं. मिनेसोटातल्या नॉर्बी गावच्या पोलीस खात्यात हे तत्त्व अकरा वर्षं निष्ठेने पाळलं जात होतं. त्यासाठी मेरिट ऑल्डेन नावाचा पूर्णवेळ कायदा सल्लागार नेमलेला होता. अकरा वर्षांत त्याने एक हजार चारशे बारा लेखी सल्ले दिले. त्यातले एक हजार चारशे नऊ घटना घडून गेल्यानंतरचे होते. (उरलेले तीन खात्याच्या सहलीसंबंधी होते.) एकाही सल्ल्याचं उत्तर 'नाही' असं नव्हतं. 'नाही' म्हणायची वेळ आलीच तर मेरिट 'परिस्थितीनुरूप' असं लिहायचा, आणि खातं ते 'हो' असं वाचायचं. शिवाय त्याच्या पेन्शनला नऊ वर्षं उरली होती.

फेब्रुवारीत सार्जंट कर्ट ब्रॉटेन गोठलेल्या तळ्यावर गस्त घालत होता. तळ्यावर तीनशे बारा खोपटी उभी होती. बर्फाला भोक पाडायचं, शेगडी पेटवायची, गळ टाकायचा आणि दिवसभर कुणाशी बोलायचं नाही, या सुखासाठी नॉर्बीचे लोक बाकीचं वर्ष कसंबसं काढतात. इंगा स्कारे या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई थर्मास भरायला घरी गेल्या असताना त्यांच्या खोपट्यातून कर्टला वास आला. (अहवालात 'अपरिचित' एवढंच वर्णन आहे.) त्याने दार ठोठावलं नाही. वॉरंट तर नव्हतंच. तो आत शिरला, त्याने पाहिलं, आणि अख्खं खोपटं पुरावा म्हणून ट्रकला बांधून ठाण्याच्या आवारात आणलं. मग त्याने मेरिटला फोन करून विचारलं, "आत जाऊ का?"

"तू जाऊन आलास ना?"

"हो. कागदावर जायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी इंगाबाई चीफ डॅरेल शूमनसमोर येऊन बसल्या. मार्चच्या पहिल्या सोमवारी सगळी खोपटी तळ्यावरून हलवावी लागतात. मोसमाचे अकरा दिवस उरले होते.

"डॅरेल, माझं खोपटं दे. आणि चुकलं म्हणून एक ओळ लिहून दे."

"तसा फॉर्म नाही, काकू."

"कोऱ्या कागदावर लिही."

"कोऱ्या कागदावर खातं चुकत नाही."

"तुझा बाप त्या खोपट्यात माझ्या नवऱ्याशी पत्ते खेळायचा. हरला की कबूल तरी करायचा."

चीफने मेरिटकडे पाहिलं. मेरिटने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे चीफच्या गाडीच्या राखीव जागेवर खोपटं उभं होतं. आवारात दुसरी जागाच नव्हती.

सल्ला क्रमांक एक हजार चारशे तेरा त्याच दुपारी तयार झाला. त्यातला युक्तिवाद निर्दोष आहे. खोपटं हे घर असेल, तर आत शिरायला वॉरंट हवं होतं. वॉरंट नव्हतं. अर्थात खोपटं घर नाही. त्याला खाली पट्ट्या आहेत, त्यामुळे ते बर्फावर घसरतं. घसरत जाणारी वस्तू म्हणजे वाहन. सबळ संशय असेल तर वाहनाची झडती वॉरंटविना घेता येते, आणि वास हा नाकाला आलेला सबळ संशयच होय. सही करून मेरिट तळ्यावर गेला. इंगाबाईंच्या रिकाम्या जागेपासून चाळीस पावलांवर त्याचं स्वतःचं खोपटं होतं. त्याने दाराला आतून नवी कडी बसवली.

रविवारी चर्चच्या तळघरात हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाटा-खिमा, त्याच्या पंगतीला सबंध गाव जमलं, तेव्हा लोकशाहीचंही मत कळलं. इंगाबाई सोडून हजर एकशे सहा जणांपैकी एकशे चार जणांनी विचारलं, "पण सापडलं काय?" (दोघांनी जास्त मीठ कुणी घातलं ते विचारलं.) कर्टने पाहिलेलं 'पुरावा' म्हणून गोपनीय होतं, त्यामुळे प्रश्न इंगाबाईंना होता.

"दार माझं आहे," इंगाबाई म्हणाल्या. "आत काय आहे ते मी ज्याला आत बोलावते त्याला कळतं."

"लपवण्यासारखं नसेल तर सांगायला काय जातं?" शेजारची गर्टा म्हणाली.

"बरं. तुझ्या कपाटापासून सुरू करू."

गर्टा बशी घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली. मंगळवारी नगरपरिषदेने ठराव केला, की बाई सांगेपर्यंत खोपटं ठाण्यातच राहील. पहिला सोमवार आला आणि गेला. तळं रिकामं झालं.

त्याच आठवड्यात गुरुवारी इंगाबाई शेगडी घेऊन ठाण्यात आल्या, आपल्या खोपट्यात शिरल्या आणि दार लावून बसल्या. कर्ट त्यांना बाहेर काढायला निघाला, तर मेरिट वाटेत कागद घेऊन उभा. सल्ला क्रमांक एक हजार चारशे चौदा, खात्याच्या इतिहासात कुणी न मागितलेला पहिलाच. मागच्या सल्ल्याला बाध न आणता त्यात म्हटलं होतं: खोपटं घसरतं म्हणून वाहन. आवारात डांबर आहे. डांबरावर ते घसरत नाही. सबब ते आता घर आहे. आत राहणाऱ्या बाईंच्या संमतीशिवाय किंवा वॉरंटविना आत शिरता येईल का? नाही.

"परिस्थितीनुरूप नाही का?" कागद वाचून चीफने विचारलं.

"नाही," मेरिट म्हणाला, आणि आत जाऊन आपल्या टेबलावरचं सामान खोक्यात भरू लागला.

वॉरंटसाठी अर्ज गेला. 'चीफला गाडी लावायची आहे' हे कारण न्यायाधीशांना अपुरं वाटलं. इंगाबाई रोज नऊला यायच्या, पाचला जायच्या, जाताना कुलूप लावायच्या. चीफ दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून चिखलातून चालत यायचा. कर्ट रोज दार ठोठावायला शिकला.

"कोण?"

"कर्ट."

"वॉरंट?"

"नाही आणलं."

"मग बाहेरूनच बोल."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चीफने एक कोरा कागद घेतला, त्यावर एक ओळ लिहिली आणि दाराखालून आत सरकवली. इंगाबाईंनी ती दोनदा वाचली. एका शब्दाचं स्पेलिंग सुधारून मागितलं. संध्याकाळपर्यंत खोपटं त्यांच्या अंगणात पोचलं होतं.

प्रकरण मिटलं. तरी आत सापडलं काय होतं हे राहूनच गेलं, असं तुम्हाला वाटत असेल. पहिल्यापासून तुम्ही तेच शोधत इथवर आलात. वॉरंट का नव्हतं, हे मात्र एकदाही विचारलं नाहीत. संकोच नको. नॉर्बीच्या पोलीस खात्यात सध्या एक जागा रिकामी आहे, आणि तिच्यासाठी एवढी पात्रता पुरते.