शेऱ्याचा रकाना

मनिषा मॅडमनी लाल पेनाने रजिस्टरचे तीन रकाने खोडले, तेव्हाच पंडित आण्णांचं डोकं फिरलं होतं. नाव, फोन आणि आधार नंबर. चौदा वर्षं केजच्या त्या संस्थेत बसून, एक काना इकडचा तिकडे न होऊ देता भरलेलं रजिस्टर. आणि परवा आलेल्या बाई त्यावर भाजी चिरल्यासारखं पेन चालवतात म्हणजे काय?

संस्था तशी लहान. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना शेळ्या, शिलाई मशीन, फळगाडा असलं काही घ्यायला अनुदान द्यायची. पैसा पुण्याच्या एका मंडळाचा. त्या मंडळाने यंदा कळवलं होतं, की कुणाला कशासाठी मदत दिली आणि तिचं पुढे काय झालं, ही सगळी माहिती वेबसाइटवर खुली ठेवायची. कुणीही बघावी, कुणीही उतरवून घ्यावी.

"माणूस ओळखू येता कामा नये," मॅडम म्हणाल्या. "नावाच्या जागी नंबर टाका. बाकीचे रकाने तुम्ही आणि तरन्नुम नीट तपासा आणि सही करून द्या."

तरन्नुम संस्थेची कॉम्प्युटर ऑपरेटर. घर आण्णांच्या घराला लागूनच. नवरा यासीन गॅरेजवाला, सासू आमिनाबी घरी. तिने तीन आठवडे मान मोडून सगळं रजिस्टर टाइप केलं आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबली.

"आण्णा, हा शेऱ्याचा रकाना बी टाकायचा?"

"कावून? त्यानं काय घोडं मारलंय?"

"न्हाई, एकदा वाचून बघा की. तुमी लई काय काय लिव्हलंय ह्याच्यात."

"मीच लिव्हलंय न्हवं? मग मला काय वाचायला लावती? तीन रकाने कापले, आता चौथ्याला हात लावायचा न्हाई. जसं हाय तसं उतरव."

"बरं," तरन्नुम म्हणाली. "आणि अम्मी विचारत होत्या, सोफा अजून किती दिवस लागंल?"

आण्णांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "शुक्रवारी पोरीचा साखरपुडा झाला की शनिवारी सकाळी पोचता करतो म्हणावं." आणि न वाचता सही ठोकून मोकळे झाले.

आता हा शेऱ्याचा रकाना म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. अनुदान दिल्यावर सहा महिन्यांनी आण्णा मोटारसायकलवर गावोगाव पाहणीला जायचे. शेळ्या खरंच घेतल्या का, मशीन चालू आहे का, हे बघायला. पण पाहणीची तारीख आण्णांच्या आधी गावात पोचायची. मग ज्याच्याकडे शेळ्या असतील तो शेजाऱ्याला दोन तासांपुरत्या द्यायचा. बुधवारी एका दावणीला दिसलेली शेळी शुक्रवारी दुसऱ्या दावणीला आण्णांकडे बघून ओळखीचं ओरडायची. आण्णा बोलत काही नसत. भांडण कोण ओढवून घेणार? ते फक्त पुढच्या खेपेला लक्षात राहावं म्हणून शेऱ्यात लिहून ठेवत. हे शेरे त्यांच्याशिवाय कुणीच वाचत नव्हतं. वरिष्ठ तर नाहीच नाही, वरिष्ठ फक्त शेवटच्या पानावर सही करायचे.

सोमवारी दुपारी माहिती वेबसाइटवर गेली. मंगळवारी सकाळी दहाला आण्णांनी ऑफिसचं कुलूप काढलं, तर पायरीवर साखराबाई बसलेली.

"आण्णा, माज्या च्यात मीठ व्हतं का वो?"

आण्णांना काही कळेना. साखराबाईने मोबाइल पुढे केला. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी पान टाकलं होतं. आण्णांनी चष्मा चढवला आणि वाचलं. 'शिलाई मशीन आहे. मशीनवर टीव्ही ठेवला आहे. चहा दिला, त्यात मीठ होतं. चुकून पडलं असावं असं वाटत नाही.'

आण्णा तिथेच पायरीवर साखराबाईच्या शेजारी बसले.

"हे... हे तुज्याकडं कसं आलं?"

"माज्याकडं? समद्या तालुक्याकडं आलंय. नाव न्हाई म्हणून रातभर लोकं ओळखत बसलीत, कोण कुठला नंबर ते. आमच्या गावातले चाळीसच्या चाळीस ओळखले. च्याचं आण्णा, खरंच चुकून पडलं व्हतं. आता माज्या घरी कुणी पाव्हणा च्या घेईना."

तेवढ्यात वर्षाराणी नावाची बाई तणतणत आली. तिची तक्रार उलटीच होती. तिच्या नंबरापुढे शेराच नव्हता. "समद्यांचं काय ना काय लिव्हलंय. फकीरभाईचं तर 'गाड्यावर फळं नाहीत, मालक झोपलेला, उठवला नाही' असं झ्याक लिव्हलंय. माज्या घरी तुमी दोन भाकरी खाऊन गेलतात. त्याचं काहीच न्हाई?"

आण्णांना तिचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चौदा वर्षांत आपण आणखी कुणाकुणाबद्दल काय काय लिहिलंय? आणि एकदम त्यांना खडकदऱ्याची आठवण झाली.

खडकदऱ्याच्या रामकिसनच्या मुलाशी, अभिमन्यूशी, आण्णांच्या शिवकन्येचं लग्न ठरलं होतं. मुलगा परळीला वीज केंद्रात ठेकेदाराकडे वायरमन. नाकासमोर चालणारा. याआधी दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं होतं आणि तिसरं नाव काढलं की शिवकन्या उठून जायची. या मुलाला मात्र तिने स्वतः होकार दिला होता. रामकिसनला पाहिल्यावर आण्णांना वाटलं होतं, याला कुठंतरी बघितलंय. कुठं ते आठवलं नव्हतं.

"तरन्नुम," ते आत जाऊन म्हणाले, "खडकदरा काढ. शेळीपालन."

तरन्नुमने काढलं. नंबर एकशे सत्त्याऐंशी. सात वर्षांपूर्वीचा शेरा.

'शेळ्या चार दाखवल्या. ह्याच चार मागच्या बुधवारी शेजारी हरिबाकडे पाहिल्या. एकीचा डावा कान फाटका. विचारलं तर म्हणतो, तिकडची हिची जुळी बहीण. कान पण जुळा का, विचारल्यावर म्हणतो, देवाची करणी. माणूस गोडबोल्या. ह्या घराशी कसलाही व्यवहार करू नये.'

शेवटच्या वाक्याखाली आण्णांनी दोन रेघा मारल्या होत्या. तरन्नुमने त्या पण जशाच्या तशा टाकल्या होत्या.

फोन वाजला. पलीकडे बायको, जानकीबाई. "तुमी इवायाबद्दल काय लिव्हलंय? पोरगी सकाळपासून दार लावून बसलीय. पयल्यांदा तिनं कुणाला हो म्हणलंय आणि तुमी 'व्यवहार करू नये' म्हणून छापता?"

"अगं, सात वर्षांमागचं हाय ते."

"छापलंय काल," जानकीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आण्णा तरन्नुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बाई, एवढी एक ओळ बदल. मी सांगतो तसं लिही. 'शेळ्या चार, स्वतःच्या. माणूस सज्जन. सर्व व्यवहार करावेत.'"

"आण्णा, मॅडम दुपारी बीडहून येतील. त्यांना विचारून करू."

"दुपारपतुर माज्या पोरीचं लगीन मोडंल. सही माजी हाय, मी सांगतोय. बदल."

तरन्नुमने बदललं. आण्णांनी सुस्कारा टाकला, माठातलं पाणी घेतलं आणि साखराबाईलाही दिलं. अर्धा तास बरा गेला.

मग दुपारी यायच्या मनिषा मॅडम आधीच आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आण्णा, हे काय केलंत? पुण्याहून फोन होता. काल लिहिलं ते वाचून ते खूश आहेत, म्हणतात इतकी खरी माहिती आजवर कुणीच दिली नव्हती. पण आज एकच ओळ का बदलली, असं विचारतायत."

"त्यांना कसं कळलं?"

"त्यांनाच काय, सगळ्यांनाच कळलं. तिथं जुनी प्रत तशीच राहते. नवी टाकली की बदललेली ओळ पिवळी दिसते. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून."

आण्णांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या त्या पांढऱ्याशुभ्र यादीत एकच ओळ हळद लागल्यासारखी पिवळी दिसत होती. बाजूला जुनं, 'कसलाही व्यवहार करू नये.' शेजारी नवं, 'सर्व व्यवहार करावेत.' आणि खाली बदल मंजूर करणाऱ्याचं नाव: पंडित.

"म्हंजी आता आंधळ्याला बी कळंल, एकशे सत्त्याऐंशी कोण हाय ते," साखराबाई दारातून म्हणाली.

"पुसून टाका," आण्णा म्हणाले. "समदंच पुसून टाका."

"शेऱ्याचा रकाना आत्ता काढते," मॅडम म्हणाल्या. "चूक माझीही आहे, मी पण न वाचताच पुढे पाठवलं. जुनी प्रत काढून टाकायला पुण्याला पत्र देते. पण लोकांनी मोबाइलवर घेऊन ठेवलंय, ते कुणाच्या हातातून काढणार?"

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून आण्णांनी बघितलं. रामकिसन उतरत होता. एकटाच. आता हा चार माणसांत काय बोलेल? सोयरीक मोडली म्हणून सांगायला माणूस एवढ्या लांब स्वतः येतो का? येत असेल. आण्णांनी मनातल्या मनात शिवकन्येची माफी मागितली.

रामकिसन आत आला, सगळ्यांना रामराम घातला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"इवाई," आण्णांनीच सुरुवात केली, "ते लिव्हलेलं..."

"खरंय ते," रामकिसन म्हणाला.

त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"शेळ्या हरिबाच्याच व्हत्या. तुमच्या अनुदानातल्या चार मी इकल्या. अभिमन्यूला आयटीआयला घालायचं व्हतं, शेळ्या राखीत बसला असता तर काय व्हणार व्हतं त्याचं? पाहणी आली म्हणून हरिबाच्या आणून बांधल्या. जुळ्याचं बोललो ते मातर लईच झालं. आता मला भ्या वाटतंय, तुमी हे समदं वाचून पोरगी देनार का न्हाई. म्हणून आलो."

सकाळपासून आण्णा याच्या पाया पडायची तयारी करत होते आणि हा इथं आपली मनधरणी करायला आला होता. मग त्यांना एकदम जोर आला. छाती पुढे काढून ते म्हणाले, "तसं हाय व्हय. म्हंजी आमाला फसवलंत म्हणा की. आता सोयरीक म्हंजी इश्वासाचा मामला असतो, इवाई. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून दाखवायची म्हंजी..."

"व्हय तर," रामकिसन शांतपणे म्हणाला. "तुमच्या घरचा सोफा लई मऊ हाय."

तरन्नुमची बोटं की-बोर्डवर थांबली.

"बघायच्या दिवशी माजा अडकित्ता सोफ्याच्या मागं पडला. काढाया वाकलो. मागच्या फळीवर लिव्हलेलं दिसलं, 'यासीन-तरन्नुम यांच्या लग्नानिमित्त, मामूकडून सप्रेम भेट.' म्हणलं, शेजारच्यांचा असंल. आपल्याला पाव्हणे येतात तवा माणूस आणतोच. म्या हरिबाच्या शेळ्या आणल्या, तुमी ह्यांचा सोफा आणला." रामकिसन तरन्नुमकडे बघून कसंनुसं हसला. मग आण्णांकडे वळला. "एवढंच, की मी कुठं लिव्हून ठेवलं न्हाई."

आण्णांनी पुढे काढलेली छाती कुठं ठेवावी ते त्यांना समजेना. शेवटी ते उठले, रामकिसनच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर बसले आणि दोघांनी मिळून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"च्या घ्यायचा का?" थोड्या वेळाने आण्णांनी विचारलं.

"घेऊ की. बिनमिठाचा," रामकिसन म्हणाला, आणि साखराबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मॅडमनी शेऱ्याचा रकाना काढला. पण एकशे सत्त्याऐंशी नंबरच्या पुढे 'अनुदानाचा काय उपयोग झाला' हा रकाना उरला होता आणि त्यात अजून चार शेळ्याच लिहिलेल्या होत्या. तरन्नुमने विचारलं, "आण्णा, इथं काय टाकू? जसं हाय तसं?"

आण्णांनी रामकिसनकडे बघितलं. रामकिसनने मान डोलावली.

"लिही," आण्णा म्हणाले. "शेळ्या विकल्या. त्यातून एक वायरमन झाला. पाहणी केली, समाधानकारक."

शुक्रवारी साखरपुडा आण्णांच्या घरीच झाला. तरन्नुम आणि आमिनाबी हिरव्या बांगड्या घेऊन आल्या, वर्षाराणी बिनबोलावता भाकरी करायला आली. पाहुणे येण्याआधी आण्णांनी एकट्यानेच सोफा भिंतीपासून दोन हात पुढे ओढला. मागून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फळीवरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.