हिरासांची गाडी ठरत नव्हती

उभ्या गाडीत बसून प्रवास करणारा मनुष्य मी शेलूबाजारात एकच पाहिला. ते माझे शेजारी हिरासा, कापडाचे व्यापारी. लिलावात घेतलेली जुनी व्हॅन त्यांच्या अंगणात उभी असे. दुपारी दुकान नोकरावर सोपवून ते तीत आडवे होत आणि किसन सुताराला बाहेरून धक्के मारायला लावत. रस्त्याचा अंदाज यावा, हा हेतू.

पत्नी रतनबाईंना दूरच्या जैन तीर्थाला, सम्मेदशिखराला न्यायचे होते. अर्धांगवायूमुळे त्या अंथरुणावर होत्या, आगगाडी अशक्य. प्रश्न एवढाच होता, की व्हॅनमध्ये निव्वळ दोन बाकडी टाकून पडदा लावावा, की चूल, टाकी, फडताळ असे पुरते घर उभारावे. दिवस मावळण्यापूर्वी जेवण आणि गाळलेले पाणी हा घरचा नेम. तेव्हा चूल हवी. चूल बसवली की बाकडे तोकडे पडे. बाकडे वाढवले की चूल उखडावी लागे. हिरासांनी साऱ्या गल्लीचे मत घेतले. मला मापासाठी बाकड्यावर निजवले. कोणी काहीही सांगो, त्यांचे उत्तर एकच.

"पायतो. घाई कायले?"

"शेठ, मले पेन्शन लावून द्या," किसन म्हणे, "मंग ठोकत राह्यतो."

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मी त्यांना बजावले, की वहिनी वाट पाहत आहेत. काय ते एक ठरवा. हिरासांनी मला आत घेऊन गाडीचे दार ओढून घेतले.

"दाक्तर बोलला भाऊ, एवढा रस्ता थे सोसनार नाई. वाटंतच जीव जाईन तिचा. गाडी ठरली तं निघा लागन."

मी गाडीतून उतरून त्यांच्या घरात गेलो. रतनबाईंची खाट खिडकीशी होती. तेथून गाडी दिसे. कुठवर आले, असे त्यांनी विचारले. चूल बसली, आता ठरेलच, असे मी सांगितले.

त्यांनी बाहेर गाडीकडे पाहिले. मग जड जिभेने म्हणाल्या, "त्यायले म्हना, चूल माह्या डोक्याकडून नको, पायाकडून बसवा. थे झालं का मी आनखी काही खोड काढीन." मग हळूच म्हणाल्या, "दाक्तर बोलला तवा मी झोपली नोती भाऊजी. हे मात्र त्यायले सांगू नोका."

मी अंगणात येऊन चुलीचा निरोप तेवढा दिला. हिरासांचा चेहरा उजळला. त्यांनी किसनला हाक मारली.