पहिल्या पानावरची गोगलगाय

दानबुद्धी माणसाच्या ठायी उपजतच असते. तिला छापील चौकट तेवढी वेळेवर मिळावी लागते. आमच्या राज्याने हे सत्य फार पूर्वी ओळखले आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तिसऱ्या पानावर अशा चौदा चौकटी करून दिल्या. कर भरूनही ज्याचे मन भरले नसेल, त्याने हव्या त्या चौकटीत रक्कम लिहावी. ती त्याच्या परताव्यातून कापली जाते आणि अनाथ मुले, जुने सैनिक, वाचनालये किंवा राज्याच्या जत्रेतला घोड्यांचा तबेला यांपैकी कुणाचे तरी भले होते. पुण्य करायला खुर्चीतून उठावेसुद्धा लागत नाही. (पेन मात्र स्वतःचे लागते.)

चौदावी चौकट गोगलगायीची होती.

ही गोगलगाय हिमयुगापासून आमच्याकडे राहते. आकाराने मुगाच्या दाण्याएवढी. वेस्ट टिल्डा गावाबाहेरच्या टेकडीत खडकांच्या फटींतून भर ऑगस्टातही फ्रीज उघडल्यासारखी गार हवा येते, तिथे तिचा मुक्काम. ती नामशेष झाल्याचे विद्यापीठाने दोनदा जाहीर केले होते. पण हे ऑर्फा ट्वेट यांना कुणी कळवले नव्हते, त्यामुळे शाळेच्या सहलीत त्यांना ती सापडली. ऑर्फाबाई त्या शाळेत चाळीस वर्षे स्वयंपाकीण होत्या. पुढे एका शास्त्रज्ञाला पदक मिळाले आणि ऑर्फाबाईंना पोस्टकार्ड. तेव्हापासून त्या गोगलगाय संरक्षण मंडळाच्या चिटणीस. मंडळात सात सभासद होते, त्यांतला एक फक्त कॉफीसाठी येई. टेकडीवर खडी काढणाऱ्या कंपनीचा डोळा होता. तिला लांब ठेवायचे तर टेकडीच्या मालकाला दरवर्षी भाडे द्यावे लागे, आणि ते भाडे या चौदाव्या चौकटीतून निघे.

एका फेब्रुवारीत प्राप्तिकर विभागाचे पत्र आले. ज्या निधीला वर्षात पन्नास हजार डॉलर मिळत नाहीत, त्याला एक वर्षाची मुदत देऊन नंतर विवरणपत्रावरून उतरवावे, असा कायदा होता. गोगलगायीला एकेचाळीस हजार तीनशे सहा मिळाले होते. पत्राच्या शेवटी विभागाने तिच्या भावी वाटचालीस शुभेच्छा दिल्या होत्या. (ती तासाला चार फूट चालते.)

ऑर्फाबाई डबाभर लेफ्से, म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या पोळ्या, घेऊन राजधानीला गेल्या. चौकटी सांभाळणारे अधिकारी लाइल बोनसॅक हे सज्जन गृहस्थ होते. भेटवस्तूंच्या नियमामुळे त्यांनी आधी बटाट्याचा भाव विचारला, हिशेब केला आणि मग तीन खाल्ल्या. नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने असतात, त्यांनी समजावले. दाता तिसऱ्या पानावर पोचतो तोच दमलेला, आणि चौदाव्या ओळीपर्यंत त्याची करुणा आटलेली असते. वरच्या ओळीला जास्त मिळते, मग ती कुणाचीही असो. एका वर्षी छपाईच्या चुकीने सगळ्यात वर "ही ओळ रिकामी सोडा" असे आले होते, त्या ओळीला नऊ हजार डॉलर मिळाले.

ऑर्फाबाईंनी मान डोलावली, घरी आल्या आणि मंडळाचे नाव बदलून "ए-वन गोगलगाय निधी" असे नोंदवले.

महिन्याभरात तबेल्याने "ए-ए-वन" नाव घेतले. अनाथ मुलांनी तीन ए लावले. जुन्या सैनिकांनी या प्रकाराचा तत्त्वतः निषेध केला आणि शेवटच्या तारखेला अकरा ए लावून अर्ज दिला. (सुनावणीत ते नाव वाचताना त्यांच्या अध्यक्षांना धाप लागली, अशी नोंद आहे.) वाचनालयांनी तर नुसतेच "ए" एवढे नाव मागितले. तेव्हा विभागाने कंटाळून चिठ्ठ्या टाकल्या, आणि दात्यांचा थकवा ध्यानात घेऊन सगळ्या चौकटी उचलून पहिल्या पानावर, नाव-पत्त्याच्या खाली आणल्या. पहिली चिठ्ठी गोगलगायीची निघाली. आता नाव, रस्ता, गाव, आणि त्याखाली जिथे पूर्वी पिनकोड असे तिथे गोगलगाय, अशी रचना झाली. पिनकोड उजवीकडे सरकवला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आकडे जाहीर झाले. गोगलगायीला सत्त्याण्णव हजार नऊशे सतरा डॉलर मिळाले होते. त्यांतले चोपन्न हजार सातशे नव्याण्णव एका माणसाने दिले होते. वेस्ट टिल्डाच्या वेंडेल क्रानने.

वेंडेलची गावात बोलिंगची, म्हणजे जड चेंडू घरंगळवून दहा खुंट पाडण्याच्या खेळाची, आठ पट्ट्यांची जागा होती. तो आणि ऑर्फाबाई एका वर्गात शिकलेले. बायको गेल्यापासून तो विवरणपत्र स्वतःच, खेळाडूंना भाड्याने द्यायच्या बुटांच्या काउंटरवर भरत असे. ऑर्फाबाईंनी आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि आपल्याच दारावरच्या पत्रपेटीकडे पाहिले. वेस्ट टिल्डाचा पिनकोड ५४७९९ होता.

आता विभागाचा व्यवहार किती चोख असतो ते पाहा. वेंडेलला एकाच टपालाने दोन पाकिटे आली. एकात गव्हर्नरसाहेबांचे अभिनंदन होते. विवरणपत्रातून झालेले हे राज्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे दान होते. दुसऱ्यात नोटीस होती. परतावा एकशे अडतीस डॉलरचाच असल्याने उरलेले चोपन्न हजार सहाशे एकसष्ट साठ दिवसांत भरावेत, नाहीतर बोलिंगची जागा जप्त होईल. दोन्ही पत्रांवर सही एकाच यंत्राची होती.

ऑर्फाबाई धावतच गेल्या. वेंडेल खेळाच्या लाकडी पट्टीवर तेल लावत होता. चूक झाली आहे, उद्याच राजधानीला जाऊ, असे त्यांनी सांगितले. त्याने घाई केली नाही. तोवर गावच्या बँडने त्याच्या दारात वाजवून झाले होते, शाळेतल्या मुलांनी गोगलगायीची चित्रे काढून आणली होती आणि चर्चमध्ये पास्टरने प्रवचनात त्याचे नाव घेतले होते. भिंतीवर गव्हर्नरने पाठवलेली पितळी पाटी लागली होती.

"राहू दे की," वेंडेल म्हणाला.

"काय राहू दे? अरे, घरदार जाईल तुझं."

"जागा विकतो. अशीही कोण खेळतंय आता? ऑर्फा, बाहत्तर वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. मी तीनशेपैकी तीनशेचा डाव खेळलो तेव्हासुद्धा जागेवर फक्त झाडूवाला होता."

"वेंडेल, तू पिनकोड लिहिलास."

"हो. पण मनापासून लिहिला."

ऑर्फाबाईंनी त्याच्या हातातला तेलाचा फडका घेतला आणि उरलेली अर्धी पट्टी स्वतः पुसली.

मंडळाची सभा झाली. दान ठेवून घ्यावे, असे चौघांचे मत पडले. बोलिंगच्या जागा राज्यात तीनशे आहेत, गोगलगायीची टेकडी एकच, हा मुद्दा बिनतोड होता. कॉफीवाल्या सभासदाने प्रथमच तोंड उघडले आणि वेंडेलचा पुतळा उभारावा असे सुचवले. ऑर्फाबाईंनी इतिवृत्त नेहमीप्रमाणे सुवाच्य अक्षरात लिहिले, गाडी काढली आणि राजधानी गाठली.

बोनसॅकसाहेबांनी कायदा काढून दाखवला. दात्याला दान मागे घेता येत नाही. चुकून दिलेले तर नाहीच, कारण चुकून दिलेली दाने परत करायची ठरवली असती तर निधीच उरले नसते. मात्र दान घेणाऱ्याला नाकारता येते. चिटणिसाची सही पुरे.

"पण बाई, मग तुमच्याकडे त्रेचाळीस हजार एकशे अठरा राहतात," ते हळू आवाजात म्हणाले. "ओळ जाईल. मला फार वाईट वाटेल."

"तुम्ही स्वतः कुठल्या ओळीत देता?" ऑर्फाबाईंनी विचारले.

बोनसॅकसाहेब बराच वेळ टाचणी शोधत राहिले. अखेर म्हणाले, "मी... विभागातला माणूस. पक्षपात दिसायला नको."

ऑर्फाबाईंनी सही केली. तेवीस वर्षे त्या टेकडीसाठी त्यांनी पै-पै जमवली होती, आणि ती त्यांनी आपल्याच हाताने, विभागाच्या पेनाने सोडली. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवली नाही. पार्किंगचा एक तास संपेपर्यंत तशाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या.

वेंडेल तीन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात शनिवारी तो त्यांच्या दारात आला, टेकडीवर थर्मामीटर लावायला कुणी सोबत लागते का, असे विचारत. गार फटींपाशी ऑर्फाबाईंनी एक दगड उचलला. खाली चार होत्या. त्याने गोगलगाय आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

"एवढीशीच?" तो म्हणाला. "मला वाटलं, निदान बोलिंगच्या चेंडूएवढी तरी असेल." आणि मग गुडघे दुखत असूनही तो पाऊण तास तिथेच ओणवा राहिला. (पितळी पाटी त्याच्याकडेच आहे. दान परत करण्याचा फॉर्म असतो, सन्मान परत घेण्याचा नसतो.)

पुढल्या वर्षीचे विवरणपत्र गोगलगायीवाचून छापले गेले आणि राज्यात संतापाची लाट उसळली. हिमयुग पचवलेल्या जिवाला आपण एक ओळ देऊ शकत नाही का, असे अग्रलेख आले. गोगलगायीची चित्रे असलेले शर्ट खपले. एकसष्ट हजार नागरिकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. बोनसॅकसाहेबांनी कर्तव्य म्हणून नावे ताडून पाहिली, तेव्हा त्यांतल्या एकशे नऊ जणांनी ओळ होती तेव्हा तिच्यात काहीतरी लिहिल्याचे आढळले. उरलेल्यांनी प्रत्येकी एकेक डॉलर लिहिला असता तर ओळ कुठेही गेली नसती, हे त्यांनी फायलीत नोंदवले आणि फाईल बंद केली. टेकडीचे भाडे येत्या ऑक्टोबरपर्यंत भरलेले आहे. खडीवाल्यांनी यंत्रांना तेलपाणी करून ठेवले आहे.

वाचकहो, इथवर येताना तुम्हालाही त्या गोगलगायीबद्दल थोडे वाटले असणारच. चेहऱ्यावर दिसते आहे. संकोच करू नका. नुसत्या वाटण्यावर कुठल्याच राज्यात कर नाही, म्हणून तर ते इतके मुबलक आहे.