फ्रीज चावतो

बाबांना घरातल्या दोनच गोष्टींचा अभिमान होता: एक मुलगी आणि दुसरा मीटरजवळचा, गळती पकडणारा स्विच. कुठे वीज गळली की तो आपोआप पडून लाईट घालवतो, असं ते आल्यागेल्याला दाखवत. वर सांगत, "बसवल्यापासून एकदाही पडला नाही." आई म्हणायची, फ्रीज चावतो, ओला हात लागला की मुंग्या येतात. बाबा म्हणायचे, चपला घालत जा.

त्या दिवशी मुलीची ऑनलाईन मुलाखत होती, एका मोठ्या दुकानाच्या तक्रार विभागासाठी. नकार पचवून पचवून पोरगी रडकुंडीला आली होती. आज लाईटने दगा द्यायला नको म्हणून बाबांनी कंबर कसली. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला, असं वायरमन स्विच बसवतानाच बजावून गेला होता. ते आज आठवलं. मागच्या दारचा खड्डा कोरडा ठणठणीत. बाबांनी बादली ओतली, आत येऊन ऐटीत बसले आणि फ्रीज घरघरला तशी मुलाखतीच्या ऐन मध्यावर लाईट गेली.

आता यात नवल काय? फ्रीजमधून गळणाऱ्या विजेला इतके दिवस जमिनीत उतरायला वाटच नव्हती. बिचारी आईच्या हाताची वाट बघत बसायची. ओल मिळताच ती सुसाट निघाली आणि स्विचला जाग आली. पण बाबांना हे कुठलं सुचायला! पाणी कमी पडलं असं समजून त्यांनी आणखी एक बादली ओतली आणि स्विच वर केला. पडला. आणखी ओतली. पुन्हा पडला.

आई म्हणाली, आधी ते पाणी थांबवा. बाबा म्हणाले, तुला यातलं काय कळतं. मग दोघांची अशी जुंपली की मोबाईलवरून पुन्हा जोडलेल्या मुलाखतीत साहेबांना शब्द न् शब्द ऐकू गेला. ही नोकरीही गेली, असं मुलीने मनाशी धरून टाकलं.

"एक मिनिट हं, सर." ती वळली. "बाबा, बादली खाली ठेवा. आई, तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं कोण ऐकतंय? फ्रीज चावतो."

"लाईट गेलेलीच आहे, त्याची पिन काढ."

आईने पिन काढली. बाबांनी स्विच वर केला. तो वरच राहिला.

साहेब म्हणाले, आम्हाला आणखी काही विचारायचं नाही, सोमवारपासून या.

हल्ली बाबा आल्यागेल्याला सांगतात, "ऐन वेळी बरोब्बर पडला म्हणून पोरीला नोकरी लागली." आई मात्र आता घरात काही बिघडलं की बाबांना सांगत नाही. थेट मुलीच्या तक्रार विभागाला फोन लावते आणि शांतपणे रांगेत थांबते. तिथे लवकर नंबर लागतो, म्हणते.