रूपरावांचं मॉरिशस

तळेगावात मॉरिशसवर बोलायचा हक्क एकट्या रूपरावांना होता, आणि तो त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता. पोरानं तिकिटं काढून दिली म्हणून हे रिटायर कृषी सहायक बायकोसह सहा दिवस त्या बेटावर राहून आले. आल्या आल्या त्यांनी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये 'मॉरिशसचं निसर्गवैभव' असं व्याख्यान ठरवलं. सरपंचांनी प्रस्तावनेत काय बोलायचं, तेही त्यांनीच लिहून दिलं.

खरी गोष्ट फक्त नवराबायकोला ठाऊक. पहिल्याच दिवशी काचेच्या तळाच्या बोटीत बसताना, आपण भर पुरात वर्धा नदी ओलांडलेला माणूस आहोत, असं रूपरावांनी नावाड्याला ऐकवलं. बोट हाकेच्या अंतरावर जाते न जाते तोच सकाळचा सगळा नाश्ता त्यांनी मॉरिशसच्या माशांना अर्पण केला. पुढचे पाच दिवस ते हॉटेलात पांघरूण घेऊन पडले आणि तिथलं माहितीपत्रक त्यांनी पाठ केलं. जयवंताबाई मात्र गाडी करून बेटभर फिरल्या.

व्याख्यान अर्धा तास झकास चाललं. धबधबे कोसळले, प्रवाळ चमकले. मग रूपराव सात रंगांच्या मातीपाशी आले आणि कपाशीवाला डोमाजी उठला. त्या मातीत पिकते काय, एवढंच त्यानं विचारलं.

माहितीपत्रकात हे नव्हतं. पण तीस वर्षं शेतकऱ्यांना सल्ला दिलेल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' निघणार कसं?

"कापूस," रूपराव म्हणाले. "एकरी वीस क्विंटल. खतबित काई नाई."

हॉलमध्ये एकच कुजबुज उठली. कृषी केंद्रवाल्या ताराचंदनं जागच्या जागी जाहीर केलं, की तिथलं बियाणं आपण मागवणार. वही काढून तो नावं लिहायलाही बसला. अकरावं नाव जयवंताबाईंच्या सख्ख्या भावाचं निघालं, तेव्हा त्या बायकांच्या रांगेतून उठल्या.

"त्या मातीत गवताची काडी नाई उगवत," त्या म्हणाल्या. "चारी बाजूनं कठडा हाय. लोकं तिकीट काढून नुसती माती पाहून राह्यले होते."

"माती पाहाले तिकीट?" डोमाजीला खरं वाटेना.

"मीबी काढलं."

हॉल खदखदून हसला. ताराचंदनं वही मिटली. मग प्रश्नांचा सगळा रोख बाईंकडे वळला, मागोमाग खुर्च्याही वळल्या. वासराएवढ्या कासवाची मान आपण कशी खाजवली, कमरेइतक्या पाण्यात पायाची नखं कशी दिसत होती, हे त्या सांगत सुटल्या. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून सरपंचांनी माईक त्यांना द्यायला सांगितला. पण कासवाचा आकार दाखवण्यात बाईंचे दोन्ही हात गुंतलेले. तेव्हा माईक त्यांच्या तोंडापुढे रूपरावांनाच धरावा लागला.

"पण तवा रूपरावभाऊ कुठी होते?" सरपंचांनी विचारलं.

रूपरावांनी माईक हळूच खाली घेतला. जयवंताबाईंनी नवऱ्याकडे एकवार पाहिलं.

"रूमवर," त्या म्हणाल्या. "सामानापाशी कोणी पाह्यजे ना."

दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर फोटो आला. मधोमध शाल-श्रीफळ घेतलेल्या जयवंताबाई, आणि कडेला माईक धरलेला नुसता एक हात. खाली सरपंचांनी आठवणीनं लिहिलं होतं, 'ध्वनिव्यवस्था : रूपरावजी.'